विश्लेषण : घोडा लंगडतोय, नालबंद कुठे आहे? मुंबई उपनगरांत खुरांची निगा का अडते?

मुंबईतील व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरवणाऱ्या उच्च न्यायालयाच्या निकालाला दहा वर्षे उलटून गेली. गाड्या गेल्या, पण घोडे शहरातून पूर्णपणे गेलेले नाहीत. लग्नसराईत अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत वरातीत घोडी लागतेच. महामार्गांवर पहाटे होणाऱ्या बेकायदा टांगा शर्यतींवर पोलीस कारवाई करतात, तेव्हा जप्त केलेले जनावर ताब्यात येते. त्यातला एखादा घोडा लंगडत असेल, आधीच घाबरलेला असेल आणि पायाला हात लावू देत नसेल, तर त्याच्या खुरांचे काम करणार कोण? अडीच कोटींकडे झुकणाऱ्या महानगर परिसरात या साध्या प्रश्नाचे उत्तर मिळणे अवघड का झाले आहे, याचा हा आढावा.

उपनगरांत घोडे उरले कशासाठी?

न्या. अभय ओक आणि न्या. ए. के. मेनन यांच्या खंडपीठाने ८ जून २०१५ रोजी व्हिक्टोरिया गाड्यांचा वापर बेकायदा ठरवला. ‘अ‍ॅनिमल्स अँड बर्ड्‌स चॅरिटेबल ट्रस्ट’ने दाखल केलेल्या जनहित याचिकेवर हा निकाल होता. गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करण्यासाठी वर्षभराची मुदत देण्यात आली आणि त्यावर पोट असलेल्या कुटुंबांच्या पुनर्वसनाचे धोरण आखण्यास राज्य सरकारला सांगण्यात आले. २०२१ मध्ये त्याच धाटणीच्या विजेवर चालणाऱ्या गाड्या दक्षिण मुंबईत आल्या.

या निकालाने गाडी ओढण्याचे काम थांबले. घोड्यांचे इतर उपयोग मात्र सुरू राहिले. वरात, मिरवणूक, चित्रीकरण, हौशी घोडेस्वारी यांसाठी उपनगरांत आजही घोडे ठेवले जातात. यातला वरातीचा धंदा हंगामी असतो. लग्नाच्या तिथी असतात तेव्हा एका संध्याकाळी दोन-तीन ठिकाणी घोडी न्यावी लागते. तिथी नसतात तेव्हा तीच घोडी अरुंद जागेत दिवसचे दिवस बांधून राहते. खुरांसाठी ही दोन्ही टोके वाईट. सिमेंटच्या रस्त्यावर सलग चालल्याने खूर झिजतो, फुटतो; ओल्या, शेणामुताच्या जमिनीवर उभे राहिल्याने तो कुजतो.

देशपातळीवरचे चित्र यापेक्षा वेगळे नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार भारतातील घोडे आणि तट्टू मिळून संख्या सुमारे ३ लाख ४० हजार होती. २०१२ च्या गणनेशी तुलना करता ही घट ४५ टक्क्यांहून अधिक आहे. घोडे कमी होणे ही प्राणिप्रेमींना चांगली बातमी वाटू शकते. मात्र घोड्यांबरोबर घोड्यांवर पोट असलेले कारागीरही कमी होतात. मागे उरलेल्या घोड्यांची अडचण तिथूनच सुरू होते.

खूर बिघडतो कसा?

खूर बाहेरून दगडासारखा दिसतो, पण तो नखासारखा सतत वाढणारा अवयव आहे. महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर इतकी त्याची वाढ होते. वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत नवा खूर पोहोचायला नऊ महिने ते एक वर्ष लागते. खुराच्या आत हाड असते आणि ते बाहेरच्या कवचाला नाजूक पापुद्र्यांनी धरलेले असते. तळव्याच्या मधोमध रबरासारखा त्रिकोणी भाग असतो. तो टाप पडताना धक्का शोषतो आणि पायातले रक्त वर ढकलायला मदत करतो. घोड्याच्या वजनाचा जवळपास ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. त्यामुळे बहुतेक दुखणी पुढच्या खुरांतच उद्भवतात.

नाल ठोकलेल्या घोड्याचा खूर दर सहा ते आठ आठवड्यांनी साळावा लागतो. नाल काढायची, वाढलेला भाग कापायचा, कानशीने सपाट करायचा आणि नाल पुन्हा बसवायची. हे चक्र चुकले की पुढचा भाग लांबतो, टाच खाली बसते आणि स्नायुबंधांवर ताण येतो. नाल सैल होऊन वाकडी झाली तर तिचाच खिळा तळव्यात घुसू शकतो.

मुंबईत पावसाळा ही आणखी एक परीक्षा असते. सांताक्रूझ वेधशाळेत जून ते सप्टेंबर या काळात सरासरी सुमारे २,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. चार महिने खूर ओला राहिला की तळव्याच्या खाचांत कूज धरते. काळा, उग्र वासाचा चिकट स्राव ही त्याची खूण. खूर नरम झाला की खडी, काच, खिळा सहज आत शिरतो. आत पू साचला की काल चालणारा घोडा आज पाय टेकवेनासा होतो. मालकाला पाय मोडल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात तो खुरातला गळू असतो आणि वेळेत निचरा झाला तर घोडा बरा होतो.

दुसरा आजार अधिक गंभीर. खुरातले पापुद्रे सुजले की हाड आणि कवच यांची पकड सुटू लागते. जास्त धान्य खाणे, आतड्यांचा संसर्ग, कठीण रस्त्यावरचा अतिरेकी मारा किंवा एका पायाच्या दुखण्यामुळे दुसऱ्यावर सतत पडलेला भार ही त्याची कारणे. असा घोडा पुढचे पाय पुढे ताणून, मागच्या पायांवर वजन टाकून उभा राहतो. खूर गरम लागतो. हा तातडीचा आजार मानला जातो, कारण काही दिवसांच्या उशिराने घोडा कायमचा अधू होऊ शकतो.

घोडा खोडकर की दुखावलेला?

पाय उचलू न देणारा घोडा ‘मारका’ ठरवला जातो. अनेकदा कारण स्वभावात नसून वेदनेत असते. पुढचा डावा खूर दुखत असेल आणि नालबंदाने उजवा पाय उचलला, तर सगळा भार दुखऱ्या डाव्या पायावर येतो. घोडा पाय हिसकावतो, मागे सरतो, उभा राहतो. त्याला मार बसला तर त्याच्या लेखी हिशेब पक्का होतो : पाय उचलला की वेदना, वेदनेनंतर मार. पुढच्या खेपेला नालबंदाच्या पिशवीतल्या लोखंडाचा आवाज ऐकूनच तो बिथरतो.

घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. त्याचा पाय धरून ठेवणे म्हणजे पळण्याची वाट बंद करणे. विश्वास असेल तर तो हे सहन करतो. वरातीतले फटाके, डीजे आणि दिव्यांच्या झोताची सवय नसलेला, महामार्गावर चाबकाने पळवलेला किंवा नुकताच जप्त होऊन अनोळखी जागी आलेला घोडा हे सहन करेलच असे नाही. म्हणून अशा घोड्याबाबत क्रम महत्त्वाचा ठरतो. आधी तपासणी आणि वेदनाशमन, मग हाताळणी, मग खुरांचे काम. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा होतो.

नालबंद आणि डॉक्टर : कुणाचे काम कोणते?

निरोगी खूर साळणे, नाल बसवणे, खुराचा तोल राखणे हे नालबंदाचे काम. पू काढण्यासाठी तळवा कोरणे, जखम साफ करणे, गुंगीचे औषध, भूल, प्रतिजैविके, क्ष-किरण तपासणी हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचे काम. जखमी आणि बिथरलेल्या घोड्याला हे दोघेही एकाच वेळी, एकाच जागी लागतात. डॉक्टर सोमवारी आणि नालबंद शुक्रवारी आला, तर डॉक्टरने दिलेली गुंगी वाया गेलेली असते आणि नालबंदासमोर पुन्हा तोच भेदरलेला घोडा असतो.

घोड्याला धनुर्वाताचा धोका इतर अनेक प्राण्यांपेक्षा जास्त असतो. तळव्याला खिळा लागला की धनुर्वाताच्या लशीची विचारणा पहिल्याच फोनवर व्हायला हवी. खिळा आत असेल आणि डॉक्टर लवकर पोहोचणार असेल, तर शक्यतो तो ओढून काढू नये. तो कुठे आणि किती खोल गेला हे क्ष-किरणात दिसले तरच आतले हाड वा सांधा वाचला की नाही हे कळते. खिळा आणखी आत जाण्याची भीती असेल तर तो काढावा लागतो. अशा वेळी जागेवर खूण करून, खिळा जपून ठेवून डॉक्टरला दाखवावा.

औषधाच्या दुकानातून माणसांच्या गोळ्या आणून देणे हा धोकादायक प्रकार आहे. वेदना झाकली जाते, घोडा दुखऱ्या पायावर चालू लागतो आणि इजा वाढते. शिवाय डायक्लोफिनॅकच्या पशुवैद्यकीय वापरावर २००६ पासून, तर किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅकवर २०२३ पासून देशात बंदी आहे. ही औषधे दिलेल्या जनावराचे शव खाल्ल्याने गिधाडे मरतात, हे त्यामागचे कारण.

मग घोडं पेंड कुठे खातं?

पहिली अडचण कामाच्या प्रमाणाची. नालबंदाचे पोट चालायला ठरावीक अंतरावर पुरेसे घोडे लागतात. दर सहा ते आठ आठवड्यांनी परत येणारे गिऱ्हाईक असेल तरच फेरी परवडते. उपनगरांतले घोडे विखुरलेले आहेत. दोन घोड्यांसाठी बोरिवलीला आणि एकासाठी मुलुंडला जायचे म्हटले तर दिवस प्रवासातच जातो. हा धंदा बापाकडून मुलाकडे येणारा. घोडे घटले तशी पुढची पिढी त्यातून बाहेर पडते.

दुसरी अडचण कौशल्याच्या विभागणीची. महालक्ष्मी रेसकोर्सवर रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबची व्यवस्था आहे. शर्यतीच्या घोड्यांना हलक्या अ‍ॅल्युमिनियमच्या नाला लागतात, त्या वारंवार बदलल्या जातात आणि त्यासाठी कसलेले नालबंद व पशुवैद्यक तिथे असतात. हे कौशल्य शहरात आहे, पण ते मौल्यवान घोड्यांच्या कुंपणाआत आहे. वरातीच्या घोडीचा मालक त्या दारापर्यंत सहसा पोहोचत नाही.

तिसरी अडचण परवान्याची. मुंबई महापालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३९४ अन्वये तबेल्याला महापालिकेचा परवाना लागतो. व्हिक्टोरिया प्रकरणात विनापरवाना तबेल्यांचा मुद्दाही न्यायालयासमोर होता. परवाना नसलेला मालक आपला घोडा उजेडात आणायला कचरतो. जखमी घोडा दवाखान्यात नेला तर प्रश्न विचारले जातील, घोडा जप्त होईल, ही भीती त्याला असते. परिणामी ज्या घोड्याला उपचाराची सर्वाधिक गरज, तोच सर्वाधिक लपवला जातो.

चौथी अडचण शासकीय आखणीची. केंद्राच्या योजनेत फिरत्या पशुवैद्यकीय पथकांसाठी साधारण एक लाख पशुधनामागे एक वाहन असा निकष आहे. राज्यात १९६२ या क्रमांकावर पशुपालकांसाठी सेवा चालते. गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या असलेल्या तालुक्यांसाठी हा निकष योग्य आहे. मूठभर घोडे असलेल्या उपनगराचा हिशेब त्यात बसत नाही. दुसरीकडे शहरातली नवी गुंतवणूक कुत्र्या-मांजरांकडे वळली आहे. महालक्ष्मी येथे २०२४ मध्ये सुरू झालेले टाटा ट्रस्ट्सचे अद्ययावत रुग्णालय नावाप्रमाणेच लहान प्राण्यांसाठी आहे. घोडा ना पाळीव प्राण्यांच्या रांगेत, ना पशुधनाच्या.

उपचारासाठी जायचे कुठे?

मोठ्या जनावरांसाठी मुंबईतला सर्वात जुना आधार परळला आहे. प्राणिक्रूरता प्रतिबंधासाठी १८७४ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईतील संस्थेचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय तिथे आहे. त्याच परिसरात १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आज ते नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. महाविद्यालयाचा एक परिसर गोरेगावलाही आहे.

प्रश्न अंतराचा आणि वाहतुकीचा. बोरिवलीहून परळ सुमारे ३० किलोमीटर. पाय टेकवू न शकणाऱ्या घोड्याला उघड्या टेम्पोत चढवणे, गर्दीतून तासभर नेणे, उतरवणे ही स्वतंत्र जोखीम आहे. वळणावर आणि ब्रेक लागताना तोल सावरण्यासाठी घोड्याला चारही पाय वापरावे लागतात. एक पाय दुखरा असेल तर तो पडू शकतो. घोड्यांच्या वाहतुकीच्या नियमांनुसार जनावर प्रवासास योग्य असल्याचे पशुवैद्यकाचे प्रमाणपत्रही लागते. म्हणजे खुराच्या बहुतांश दुखण्यांत डॉक्टर आणि नालबंदाने घोड्याकडे जाणे हाच शहाणपणाचा मार्ग. अस्थिभंग, सांध्यात गेलेली जखम किंवा शस्त्रक्रिया यांसाठीच घोडा हलवावा.

सोडवून आणलेल्या घोड्याला थेट इतर घोड्यांत सोडणेही चुकीचे. ‘ग्लँडर्स’ हा घोड्यांतून माणसालाही होणारा जीवघेणा आजार आहे आणि त्याची सूचना शासनाला देणे बंधनकारक आहे. हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र हे त्याच्या निदानातले देशातले प्रमुख केंद्र. चाचणीचा निकाल येईपर्यंत घोडा वेगळा ठेवावा लागतो. एका घोड्यावर वापरलेली हत्यारे साफ न करता दुसऱ्यावर वापरू नयेत, ही शिस्त नालबंदालाही लागू होते.

कायदा काय सांगतो?

प्राणिक्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार आजारी, जखमी वा अधू जनावराला कामाला जुंपणे गुन्हा आहे. मात्र पहिल्या गुन्ह्यासाठी दंड १० ते ५० रुपये. साठ वर्षांत ही रक्कम बदललेली नाही. जनावराला ठार मारणे वा कायमचे अपंग करणे यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, पण दुर्लक्षामुळे बिघडलेला खूर त्या व्याख्येत बसवणे कठीण.

१९६५ च्या नियमांत ओझे ओढणाऱ्या आणि वाहणाऱ्या जनावरांच्या कामावर मर्यादा आहेत. दिवसाला एकूण नऊ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीविना सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. तापमान ३७ अंश सेल्सियसच्या वर असेल तेव्हा दुपारी १२ ते ३ काम नाही. काटेरी लगाम किंवा टोकदार काठी वापरण्यास मनाई आहे.

याच वर्षी आणखी एक नियमावली आली. ती फारशी चर्चेत नसते. नालबंदांना परवाना देण्याविषयीचे स्वतंत्र नियम केंद्राने १९६५ मध्येच केले. ब्रिटनमध्ये नालबंदांच्या सक्तीच्या नोंदणीचा कायदा १९७५ चा. म्हणजे या विषयावर कागद भारताने दहा वर्षे आधी तयार केला. फरक त्यानंतर पडला. ब्रिटनमध्ये नोंदणी नसलेल्या माणसाने घोड्याला नाल ठोकणे गुन्हा ठरते आणि नालबंद होण्यासाठी अनेक वर्षांची उमेदवारी करावी लागते. नोंदणीमुळे मालकाला जवळचा नालबंद यादीत शोधता येतो. परवान्याचा खरा उपयोग हाच : वाईट काम रोखणे आणि चांगला माणूस सापडणे.

जप्त केलेल्या घोड्यांसाठी २०१७ च्या नियमांचा आधार आहे. खटला चालू असताना जनावर गोशाळा, पांजरपोळ किंवा प्राणिकल्याण संस्थेकडे देता येते आणि देखभालीचा खर्च मालकाकडून घेता येतो. पण न्यायालयाच्या तारखा आणि खुराची वाढ यांचा मेळ बसत नाही. खटला दोन वर्षे चालला तर त्या काळात किमान डझनभर वेळा खूर साळावा लागतो. चंदी-वैरणीचा खर्च हिशेबात धरला जातो, नालबंदाचा सहज विसरला जातो.

बिथरलेल्या घोड्याचे काम करायचे कसे?

अनुभवी नालबंद आणि पशुवैद्यक काही गोष्टी कटाक्षाने पाळतात.

*जागा आणि वेळ.* पहाटेची शांत वेळ, कोरडी आणि न घसरणारी जमीन, आजूबाजूला मुले, कुत्री, गर्दी नाही. ओळखीचा दुसरा घोडा नजरेसमोर असेल तर घाबरलेला घोडा लवकर स्थिरावतो.

*माणसे.* मोरकी धरणारा सईस घोड्याच्या ओळखीचा असावा. तो आणि नालबंद एकाच बाजूला उभे राहतात. घोडा बिथरला तर त्याला सरकायला दुसरी बाजू मोकळी राहते. दोर हाताला गुंडाळत नाहीत.

*बांधणे.* आगाडी-पिछाडी आवळून, पाय दोराने वर ओढून काम उरकण्याची जुनी पद्धत दुखऱ्या घोड्यावर उलटते. तो पडला तर जी इजा होते ती खुरापेक्षा मोठी असते.

*पाय उचलणे.* आधी खांद्यापासून खाली हात फिरवून पाय काही सेकंदच उचलायचा आणि घोड्याने हिसकावण्याआधी आपणच खाली ठेवायचा. वेळ हळूहळू वाढवायची. पाय फार उंच वा बाहेर ओढायचा नाही. ज्या पायावर भार येणार त्याखाली जाड मऊ गादी ठेवली तर वेदना कमी होते. एका दिवशी एकच खूर झाला तरी ते काम फुकट गेले असे नाही.

*औषध.* गुंगी देण्याचा निर्णय आणि मात्रा डॉक्टरचीच. गुंगीतला घोडा शांत दिसतो, तरी अचानक लाथ मारू शकतो. काम संपल्यावर पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत त्याला चारा देत नाहीत, कारण घास घशात अडकू शकतो.

*घाई नाही.* वर्षभर न साळलेला खूर एका बैठकीत ‘सरळ’ केला तर स्नायुबंधांना धक्का बसतो आणि घोडा आणखी लंगडतो. तीन-चार आठवड्यांच्या अंतराने थोडे थोडे काम करावे लागते. पूर्ण खूर नवा यायला जवळपास वर्ष लागते, तोवर घोड्याकडून काम घेता येत नाही. मालकाचे खरे नुकसान इथे असते आणि म्हणूनच अर्धवट बरा झालेला घोडा पुन्हा वरातीत उभा दिसतो.

रस्त्यावर लंगडा घोडा दिसला तर?

घोड्याच्या मागून जाऊ नये, त्याला पळवू नये, पायाला हात लावू नये. तो मोकळा असेल तर वाहने हळू करायला सांगून त्याला रस्त्याच्या कडेला, शक्यतो मातीच्या जागेत थांबू द्यावे. स्वच्छ पाणी ठेवावे. ठिकाण, वेळ, कोणता पाय, जखम दिसते का याची नोंद आणि लांबूनच छायाचित्र घ्यावे. डॉक्टरला ‘घोडा आजारी आहे’ यापेक्षा ‘पुढचा उजवा पाय टेकवत नाही, नाल अर्धी निघाली आहे’ ही माहिती जास्त उपयोगी पडते. घोड्याला काम करायला लावले जात असेल किंवा वाहतुकीला धोका असेल तर ११२ वर पोलिसांना कळवावे. मालक सोबत असेल तर गर्दी जमवून त्याला धमकावण्याने बहुधा एकच होते : तो घोडा घेऊन निघून जातो आणि उपचार राहून जातात.

इतर ठिकाणी काय घडते आहे?

मुंबईपासून जवळच माथेरानमध्ये चारशेहून अधिक परवानाधारक घोडे आहेत. तिथे वाद रस्त्याचा आहे. दस्तुरी नाक्यापासून आत पेव्हर ब्लॉक बसवण्याला अश्वपालकांचा आक्षेप होता. लाल मातीवर चालणारे घोडे ब्लॉकवर घसरतात, असे त्यांचे म्हणणे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि ६ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात माणसाने ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्यास सांगण्यात आले. रस्त्याचा पृष्ठभाग हा खुराच्या आरोग्याचा भाग आहे, हे त्या वादाने अधोरेखित केले. काँक्रीटीकरण झालेल्या उपनगरी रस्त्यांना तो मुद्दा अधिकच लागू होतो. परदेशांत पक्क्या रस्त्यावर चालणाऱ्या घोड्यांच्या नालांना घसरू नये म्हणून टंगस्टन कार्बाइडची टोके बसवतात किंवा रबरी आवरणे वापरतात.

सांगली, सोलापूर भागात ‘अ‍ॅनिमल राहत’ ही संस्था कष्टकरी जनावरांपर्यंत जाऊन उपचार करते. उत्तरेतील वीटभट्ट्या आणि टांग्यांच्या पट्ट्यात ‘ब्रुक इंडिया’ स्थानिक नालबंदांना प्रशिक्षण देते. दोन्हींचा धडा सारखा आहे. मालकाला गुन्हेगार न मानता त्याच्या दारात नियमित जाणारी सेवा असेल तर दुखणे लवकर कळते.

मुंबईत काय शक्य आहे?

यासाठी नवे रुग्णालय उभारण्याची गरज नाही. शहरात लागणारे सगळे घटक आहेत; ते एकमेकांना जोडलेले नाहीत. परळ-गोरेगावला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, महालक्ष्मीला निष्णात नालबंद आहेत. मुंबई पोलिसांनी १९३२ मध्ये बंद झालेले अश्वदल जानेवारी २०२० मध्ये पुन्हा सुरू केले तेव्हा त्याच्या तबेल्यासाठी अंधेरीतील मरोळची जागा जाहीर करण्यात आली होती. लष्कराच्या रिमाउंट व्हेटरनरी कोअरमध्ये नालबंदी हा आजही शिकवला जाणारा व्यवसाय आहे.

पहिली पायरी दर सहा आठवड्यांनी पश्चिम आणि पूर्व उपनगरांत एकेक खूर-शिबिर. डॉक्टर आणि नालबंद एकत्र, ठरलेल्या जागी, ठरलेल्या दिवशी. विखुरलेले घोडे एका ठिकाणी आले की नालबंदाची फेरी परवडते. दुसरी पायरी १९६५ च्या नियमांनुसार परवानाधारक नालबंदांची यादी महापालिकेने उघड करणे. तिसरी, शिबिरात आणलेल्या घोड्यावर त्या दिवशी परवान्यावरून कारवाई न करण्याची हमी. या तिसऱ्या मुद्द्यावर प्राणिहक्क संघटनांचा आक्षेप येऊ शकतो. अशी सवलत म्हणजे बेकायदा तबेल्यांना अभय, असे त्या म्हणू शकतात. त्या आक्षेपात तथ्य आहे. पण लपवलेल्या घोड्याच्या पायात घुसलेला खिळा परवान्याच्या निर्णयाची वाट पाहत नाही.

मराठा फौजेत स्वारीवर निघण्याआधी शिलेदारांना आगाऊ रक्कम दिली जाई. तिचे नाव ‘नालबंदी’. घोड्याच्या खुरांचा खर्च मोहिमेआधी मोजायचा असतो, हे त्या नावातच आहे. उपनगरांत घोड्याला वरातीत उभे करण्याचे भाडे ठरते, बँडचे ठरते, फुलांचे ठरते. नालबंदाचा खर्च त्या हिशेबात कुठे धरला आहे, हे भाड्याने घोडी घेणाऱ्या वरपक्षानेही विचारायला हरकत नाही. घोडी चारही पायांवर सारखा भार देऊन उभी आहे का आणि चालताना तिची मान दर पावलाला खाली-वर होते का, एवढे पाहायला तज्ज्ञ लागत नाही. मान हलत असेल तर ती घोडी लंगडते आहे आणि त्या संध्याकाळी तिची जागा वरातीत नाही.